ज्या वाफ्यात माती भरायची नसते…

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, मोशीतील आमच्या घराच्या अंगणात, मी आयुष्यात प्रथमच एका खोक्यावर ओरडलो. त्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'हेवी ड्यूटी' असे छापलेले होते... आणि आतला पत्रा मी दोन बोटांनी वाकवू शकत होतो.

पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. माझी पत्नी शालिनी हिचे माहेर जवळच्याच कुरुळी गावचे, शेतकऱ्याचे घर. वडिलांच्या शेतावर आता गोदाम उभे आहे. परंतु तिच्या हातांची पेरणीची सवय काही गेलेली नाही.

दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून मात्र तिला खाली बसता येत नाही. म्हणून उभ्याने, काठावर रेलून मेथी-पालक लावता येईल असा उंच, पत्र्याचा वाफा तिला हवा होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हट्टाने मागितलेली ही एकच वस्तू...

मुलीने हौसेने ऑनलाइन वाफा मागवला. सोबतच्या पत्रकात इंग्रजीतल्या 'बेड'चे शब्दशः भाषांतर करून त्याला 'धातूचा उंचावलेला पलंग' असे म्हटले होते! भाषेचे असे धिंडवडे काढणाऱ्यांच्या पत्र्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

मी निवृत्तीपर्यंत एका कारखान्यात, पत्र्याचे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपच्या क्वालिटी विभागात होतो. असला माल आमच्या गेटवरूनच परत गेला असता. पण शालिनी म्हणाली, "असू द्या हो, पोरीनं प्रेमानं पाठवलाय." मग परत पाठवायचे राहिले.

आम्ही माती भरली, पाणी घातले... आणि दुसऱ्या दिवशी वाफ्याचे पोट सुटले. शालिनीने काठाला हात टेकताच वरची रबरी पट्टी सटकली, पत्रा दबला आणि ती झोकांडली. माझा खांदा जवळ होता म्हणून निभावले. नसता तर... हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.

त्यानंतर ती अंगणात एकटी जाईना. मेथीच्या बियांची पुडी तिने निमूटपणे कपाटात ठेवून दिली. मला खरा संताप आला तो ती पुडी कपाटात पाहून.

मी विक्रेत्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, तुम्ही त्यात माती भरली होती का?"

"नाही बाई, पंचामृत भरले होते!"

"ओके सर, नोट केलंय."

मी फोन ठेवला. माती भरल्यावर न टिकणारा वाफा विकणे ही चूक नव्हे, ही लबाडी आहे. वयस्कर माणसे अशा वस्तूंवर शरीराचा भार टाकतात, याचा विचार कोणीही केलेला नसतो.

मग मी कुरुळीला गेलो. शालिनीचा भाचा दत्ता याचे तिथे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. त्याला मी रीतसर ड्रॉइंग काढून दिले... पत्रा जाड, वरचा काठ आत दुमडून गुळगुळीत केलेला, बाजू फुगू नयेत म्हणून मधे आडव्या पट्ट्या, अंगणात फरशी असल्यामुळे खाली तळ, आणि उंची शालिनीच्या कोपराच्या बेताची.

"मामा, तुमी निर्धास्त राव्हा. आमी कंपन्यांना ऑइलच्या टाक्या देतो. हत्ती रेलला तरी हलायचं न्हाई."

"आत्याला हत्ती म्हणतोस?"

"न्हाई वो मामा!"

परवा टेम्पोतून वाफा आला. वेल्डिंग नीट, काठाला कुठेही धार नाही. मला नाव ठेवायला जागाच सापडेना. तेवढ्यात दत्ताने आमच्याच नळाला पाइप जोडून तो काठोकाठ पाण्याने भरला आणि अभिमानाने माझ्याकडे पाहिले. "बगा मामा, लीक टेस्ट! येक थेंब गळत न्हाई."

माझा पारा चढला. "अरे गाढवा, यात मेथी लावायची आहे की मासे पाळायचे आहेत? पाणी निचरायला भोके कुठे आहेत?"

"ड्रॉइंगवर भोकं हुती का?"

नव्हती... आणि आमच्या या औद्योगिक पट्ट्यात ड्रॉइंगवर नसलेले छिद्र कोणी पाडत नाही. तो नियम इतरांकडून पाळून घेण्यातच माझी सगळी नोकरी गेली. तरीही मी हरलो नाही. "डोके वापरायलाही ड्रॉइंग लागते का?" असे मी त्याला विचारले, आणि आमची चांगलीच जुंपली.

या गदारोळात शालिनी केव्हा बाहेर आली, ते आम्हांला कळलेच नाही. पाहतो तर ती त्या भरलेल्या वाफ्याच्या काठावर दोन्ही कोपरे टेकून, अंगाचा सगळा भार टाकून निवांत उभी होती. हात पाण्यात. पत्रा केसभरही हललेला नव्हता.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "आता भोकं पाडा, आणि माती आणा."

दत्ताने त्याच पाइपने पाणी बाहेर काढले, वाफा उपडा केला आणि तळाला भोके पाडली. जाताना मला म्हणाला, "मामा, पुढच्या टायमाला भोकं बी काढा ड्रॉइंगवर."

त्या विक्रेत्यांवरचा माझा राग जराही कमी झालेला नाही. वाफा घेणाऱ्यांनी छापील शब्दांवर विश्वास न ठेवता, काठावर स्वतःचा भार टाकून पाहावा. आणि ते शक्य नसेल तर सरळ ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जावे... भोकांचे तेवढे आधी सांगावे.

कपाटातली पुडी आज सकाळी बाहेर आली. शालिनी काठाला रेलून मेथी पेरत होती आणि मी सवयीने खांदा पुढे करून शेजारी उभा होतो. तिने वर न बघताच मातीच्या हाताने खूण केली... "तुम्ही बसा."

मी बसलो. दत्ता, तुझे मनापासून आभार.