ठोंबरेकाकांचा स्लायडर

ठोंबरेकाकांकडे कोणी कॅमेरा घेऊन गेलं, की ते कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. आधी स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरत, तो आलेल्याच्या हातात देत आणि म्हणत, "फाटकापासून तुळशीपर्यंत चालत ये." आलेला माणूस बिचारा खांद्यावर कॅमेरा टेकवायचं काही स्वस्तातलं मिळेल का, हे विचारायला आलेला असायचा. तो गोंधळून चालायला लागे. काका त्याच्या पावलांकडे, खांद्यांकडे आणि मागे फरशीवर पडलेल्या थेंबांकडे बघत राहात. मग निकाल देत, "पाणी सांडलं तेवढा तुहा फोटो सांडते." व्हिडिओलाही ते शेवटपर्यंत फोटोच म्हणत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा पेला पँटवर सांडला होता. काका म्हणाले, "अबे, तू चालून राहिला का पोहून राहिला?" आणि आत बघून काकूंना हाक मारली, "अहो, चहा टाका. या पोट्ट्याले लय काम लागते." त्यांनी मापाची फीत काढून माझ्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं माप घेतलं, तळहाताची रुंदी घेतली, आणि मी एखाद्या शिंप्याकडे आल्यासारखा उभा राहिलो. प्रत्येकाचं सामान त्याच्या मापाचं, हा त्यांचा नियम होता. दोघांनी मिळून एकच रिग, म्हणजे कॅमेरा धरायचा सांगाडा, मागितली तर काका हाकलून देत.

काका मूळचे वर्धेकडचे. तरुणपणी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून रायपूरला आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर भनपुरीच्या अलीकडे एका गल्लीत घर बांधलं. बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर, आत काकांची कानस. पुतणीच्या लग्नाची सीडी बघताना त्यांचं डोकं चढलं आणि त्यातून हा उद्योग सुरू झाला. "डबा हालला तं मानूस झोपते, फोटो हालला तं मानूस ओकते," असं ते सांगत. बाजारात ज्या वस्तूला पंधरा-वीस हजार मोजावे लागत, ती काका हजार-दीड हजारात करून देत, आणि वर म्हणत, "पटलं नाई तं वापस आण, पाइप नळाले लावून टाकीन."

पाइप नळाचेच असत. पीव्हीसीचा पाइप वाकवून खांद्यावरची रिग, तिला सायकलच्या मुठी. खिडकीच्या सरकत्या काचेची अॅल्युमिनियमची पट्टी घेऊन त्यावर बेरिंगवाली गाडी बसवली, की कॅमेरा अलगद सरकवायचा स्लायडर तयार. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा, तोच नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला. माइकवर वाऱ्याचा फूऽफू आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपी लागते. ती करायला काकांनी नातीचं अस्वल सोललं. नात तीन दिवस बोलली नाही. "कलेसाठी कोनाले तरी मरा लागते," काका गंभीरपणे म्हणाले, आणि चौथ्या दिवशी गपचूप दुसरं अस्वल घेऊन आले.

कॅमेरा जमिनीवर किंवा कठड्यावर टेकवायचा तर खाली भरलेली पिशवी हवी. काकांनी मला तांदळाची पिशवी शिवून दिली होती. एका मराठी लग्नात मी स्टेजच्या काठावर त्या पिशवीवर कॅमेरा ठेवून निवांत उभा होतो. चौथ्या मंगलाष्टकेला अक्षता संपल्या. नवरीच्या मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी चाचपली, तांदूळ आहेत म्हटल्यावर दाताने शिवण उसवली आणि मुठी भरभरून तांदूळ पाहुण्यांत वाटून टाकले. माझ्या व्हिडिओत शेवटच्या दोन मंगलाष्टका हळूहळू खाली बुडत जातात आणि 'शुभमंगल सावधान'ला फक्त पायातले जोडे दिसतात. काकांना हे सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "लग्न लागलं ना? मंग! माह्या पिशवीनं लागलं." पुढची पिशवी मात्र त्यांनी रेतीची शिवली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

मी नव्या रायपुरातल्या एका दफ्तरातली कंत्राटी नोकरी सोडून या धंद्यात पडलो होतो. बाबांना ते मुळीच मान्य नव्हतं. चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात महिनाभर अबोला झाला आणि शेवटी बाबांनी निकाल दिला, "एक सीझन. तेवढ्यात नाव झालं तं ठीक, नाई तं तुह्या सख्ख्या काकाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मालाच्या बिल्ट्या फाडायच्या." मी ठोंबरेकाकांना हे सांगितलं होतं. त्यांनी त्या आठवड्यात दुसरं काम बाजूला ठेवून माझा स्लायडर केला. तीन फुटांची पट्टी, चार बेरिंग, आणि सोबत शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. "हेच तेल टाकजो. दोन थेंब. दुसरं काई टाकशीन तं मले सांगू नको."

डिसेंबरभर तो स्लायडर लोण्यासारखा चालला. दोन-तीन लग्नांचे व्हिडिओ लोकांना आवडले, पुढची कामं आली. जानेवारीत एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न मिळालं. आदल्या दुपारी सामान साफ करताना तेलाची बाटली सापडेना. मी आईची खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि पट्टीवर, बेरिंगमध्ये चांगलं सढळ हातानं सोडलं. उन्हात गाडी अशी सुळ्ळकन पळाली की मला वाटलं, काका उगाच नियम करतात.

रात्रीच्या विधींत स्लायडर लागलाच नाही. सकाळी बिदाई, म्हणजे नवरीची पाठवणी, होती. धुकं होतं, सगळे शालीत गुरफटलेले. नवरी वडिलांच्या गळ्यात पडली, मी स्लायडरच्या गाडीला हात लावला, आणि गाडी हलेना. मी जोर केला. ती एकदम सुटली, कॅमेरा खालच्या बैठकीसकट कलंडला आणि तो पकडून मी सरळ करेपर्यंत मुलगी मोटारीत बसलेली होती. ती मिठी पुन्हा होणार नव्हती. वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "यही एक चीज़ तो चाहिए थी हमको." मी म्हणालो, "अंकल, स्लायडर लोकल है। भनपुरी में ठोंबरे अंकल बनाते हैं। उन्हीं का फॉल्ट है।"

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं म्हणता येईल. सामान आवरताना मात्र पट्टीवर पांढरा थर दिसला. थंडीत खोबरेल गोठतं, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक. आई हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवते. मी रुमालानं तो थर पुसला. मग घरी आलो आणि रायपूरच्या शूटर, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या, लोकांचा मोबाइलवर जो ग्रुप आहे त्यात लिहिलं, "ठोंबरे अंकल का सामान मत लेना। ऐन टाइम पे धोखा देता है।" व्यापाऱ्याची तक्रार ग्रुपपर्यंत पोचायच्या आत आपली बाजू पोचावी, एवढाच विचार होता. म्हणजे दुसऱ्या वेळी मी जाणूनबुजून खोटं बोललो. माझी कामं टिकली. सगळ्यांना वाईट वाटलं ते माझंच.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. "गाडी अडकली म्हंते. आणून दे, पाहतो." मी स्लायडर नेऊन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून गाडी खोलली, एक बेरिंग बोटांत फिरवलं, नाकाशी नेलं, रॉकेलच्या वाटीत टाकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "बेरिंग बदलून देतो," म्हणाले, "चहा पिऊन जाय."

नंतर माझा मित्र तारण साहू, तोही शूटर, मला म्हणाला, "अंकल मिले थे चाय ठेले पे। सबके सामने बोल दिए कि हव, गलती मेरी थी, बेरिंग हल्का डाल दिया था।" मी ते ऐकलं आणि सुटल्यासारखं वाटलं. असं वाटलं याची आज लाज वाटते, पण वाटलं हे खरं.

सीझन निघाला. बाबांनी बिल्ट्यांचं नाव काढणं सोडलं. पाहुण्यांना "आमचा मुलगा फिल्म लाइनमध्ये आहे" असं सांगायला लागले. काकांच्या घरी जाणारे मात्र कमी होत गेले. कोणी ऑनलाइन चिनी सामान मागवी, कोणी भाड्यानं आणी. मी अधूनमधून जायचो. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले असायचे, मांडीवर एखादा पाइप, पण तो कोणाच्या मापाचा नसे. काकू म्हणायच्या, "पहिले कसे पोट्टेच पोट्टे राहत घरात. चहाचं पातेलं खाली उतरत नोहतं. आता काय झालं कोन जाने." काका त्यांना म्हणत, "जमाना बदलला." आणि मी चहा पीत बसायचो.

दोन हिवाळे गेल्यावर एका संध्याकाळी मला ते सहन झालं नाही. काकू देवळात गेल्या होत्या. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी खोबरेल तेल टाकलं होतं."

"मालूम आहे ना बे. बेरिंगले तुह्या आईच्या वेणीचा वास येऊन राहिला होता."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"तुह्या बापानं एकच सीझन देल्ला होता. मले काय, माही पेन्शन येते."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग पाइप खाली ठेवून म्हणाले, "मले सांगून काई फायदा नाई. मले तं पहिल्याच दिवशी समजलं. ज्यायले तू तवा सांगतलं, त्यायले सांग. आता तुहं बस्तान बसलं आहे, तुले कोनी काही करत नाई. पन मले करमत नाई रे. कोनी हात दाखवाले येत नाई." सगळ्या ओळखीत काकांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, "हव काका, सांगतो."

त्या आठवड्यात लग्नाची धांदल होती. मग एका जाहिरातीचं काम होतं. ग्रुपवर दोनदा लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. होळी झाल्यावर सांगू असं ठरवलं. होळी झाली. एप्रिलमध्ये काका सकाळी झाडांना पाणी घालताना बसले ते उठलेच नाहीत.

तेरवीला पुष्कळ शूटर आले होते. माणूस गेला की सगळ्यांना त्याची रिग आठवते. अंगणात सतरंजीवर बसून जो तो सांगत होता, माझी पिशवी अजून चालते, माझ्या मुठी अजून तशाच आहेत. तारण म्हणाला, "बस वो एक स्लायडर में चूक गए थे।" मी उभा राहिलो. इतका वेळ जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो आणि सरळ सांगितलं, की स्लायडर चांगला होता. तेल मी टाकलं, खोबरेलाचं. थर मी पुसला. ग्रुपवर मी खोटं लिहिलं. काकांना ते माहीत होतं.

मला वाटलं, आता शिव्या पडतील, आणि पडाव्यात असंच वाटत होतं. तारण उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बैठ जा भाई। अंकल ने खुद हम सबको बताया था कि बेरिंग उनका था। गुजर गए आदमी का नाम बचाने को तू अपने ऊपर ले रहा है। बड़ा दिल है तेरा।"

"अरे, खरंच सांगतोय!" मी ओरडलोच. आजूबाजूच्या माना आदरानं हलल्या. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "आजकल कौन करता है इतना?"

मी तसाच उभा होतो. काकूंनी माझं बोलणं दारातून ऐकलं होतं. त्या ताट वाढून घेऊन आल्या, मला खाली बसवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "त्यायचं नाव राखलंस रे बाबा. तुह्यासारखं कोनी नाई केलं." मग ताटात आग्रहानं आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला, आणि मी तो खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.