कंपनीची बस सोडताना

ऐरोलीच्या ज्या कंपनीत मी आधी होते तिथं नाश्ता, दुपारचं जेवण आणि चार वाजता फळं मिळायची. न्यायला-आणायला एसी बस दिघ्याच्या नाक्यापर्यंत यायची. पहिल्याच आठवड्यात मी भरलेल्या ताटाचा फोटो घरी पाठवला. माझे वडील, अण्णा, शिंपी आहेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "पोरीला न्यायला कंपनीची गाडी येते." आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्या गाडीचं मोल मला ठाऊक होतं, आजही आहे.

काम मात्र एवढंच, की दुसऱ्यांनी केलेल्या रासायनिक चाचण्यांचे आकडे संगणकात भरायचे. दोन वर्षं तेच. बढतीचं विचारलं की साहेब हसून म्हणायचे, "पुढच्या यादीत नक्की." एकदा माझ्याकडून एक आकडा चुकला. मेलवर मेल सुरू झाल्या, जो तो 'मी नाही' म्हणत होता. मीही तेच लिहिलं. बोलणी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बसली. संध्याकाळी बसमध्ये ती माझ्याच बाजूला बसली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढं पावण्यात एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, म्हणून भेटायला गेले. तिथल्या मॅडमनी आधीच सांगून टाकलं, "बस नाही, कॅन्टीन नाही. पगार थोडा जास्त देऊ, पण तो येण्याजाण्यातच जाईल. वर्षभरात मशीन शिकलीस तर रिपोर्टवर सही तुझी."

एवढ्यात एक केमिस्ट आत आला. "मॅडम, कालचं रीडिंग मीच चुकीचं घेतलं."

मॅडमनी नोंदवही पुढं सरकवली. त्यानं चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला सही केली आणि नमुना पुन्हा तपासायला घेतला. झालं!

मी बघतच राहिले असणार. कारण बाटल्या धुणारे तिथले जुने काका म्हणाले, "घाबरू नको पोरी, इथं कोन ओरडत नाय. खोटं लिवलं तर मात्र मॅडम गेट दाखवते."

माझं मन तिथंच ठरलं. अवघड होतं ते अण्णांना सांगणं.

"गाडी?" फोनवर त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"नाही अण्णा. आपली साधी बस."

"आणि जेवण?"

"डबा."

"अगं, मग ही बढती म्हणायची का काय? दुकानात काय सांगू मी?"

"सांगा, पोरीच्या सहीशिवाय कारखान्याचा माल बाहेर जात नाही."

"कधीपासून?"

"वर्षानं. शिकले तर."

"मग दुकानात वर्षभर गाडीच चालू ठेवतो," म्हणाले. "तू शीक नीट."

राजीनामा दिला त्याच दिवशी साहेबांना आणि त्या मुलीला सांगितलं, तो आकडा माझा होता. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पावण्यात अजून एखादी जागा आहे का गं?"

जागा नव्हती. पण मॅडमना मी तिचं नाव देऊन ठेवलंय. मला तिथं आता आठ महिने झाले. रिपोर्टवर सही अजून मॅडमचीच असते. मशीन मात्र सकाळी मी सुरू करते.