कापराला घाबरणारा नंदी

दगडी देवळासाठी जग ज्या तंजावूरला जातं, तिथे मी थर्माकोलचा नंदी बघायला गेलो. बायकोचा मामेभाऊ सुंदर तिथलाच मराठी माणूस, पिढ्यान्‌पिढ्यांचा. लग्नाच्या हॉलसाठी थर्माकोलचे ‘दगड’ करतो. त्याने बोलावलं आणि घरून परवानगीऐवजी हुकूमच निघाला.

पुण्याहून चेन्नई, तिथून दुसरी गाडी. स्टेशनजवळ पोंगल आणि कॉफी, शंभरच्या नोटेत पोट भरतं. देऊळ सकाळी लवकर बघा. उन्हं चढल्यावर तिथली फरशी अनवाणी माणसाला नाचायला शिकवते, तेही फुकट.

राजवाड्यामागच्या गल्लीत सुंदरचं काम चाललं होतं. तापल्या तारेने ठोकळे कापायचे, घासून गोलाई आणायची, वर पांढरं सिमेंट, मग करडा रंग. शेवटी जुन्या टूथब्रशने काळे-पांढरे ठिपके उडवायचे, की झाला ग्रॅनाइट. हजार वर्षांपूर्वीच्या बिचाऱ्यांना टूथब्रश सुचला नाही, बसले छिन्नी मारत.

“हात नक्को लावूं भावजी, रंग ओला अहे,” सुंदर तिथल्या मराठीत म्हणाला. “उद्या मालकाला पटलं तर अख्ख्या हॉलचं काम माझं. नाहीतर दुकान बंद, चेन्नईत नोकरी.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोने तिरुवैयारूला गेलो. हॉलच्या दारात नंदी बसवला, थर्माकोलच्याच चौथऱ्यावर. मालक आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तो काही बोलायच्या आत आजींनी नंदीला हात जोडले, कुंकू लावलं आणि देवळात करतात तसा चौथऱ्यावरच कापूर पेटवला. सुंदरची पंचाईत झाली. थर्माकोल म्हणावं तर दगड गेला, गप्प बसावं तर नंदी. चौथरा खचायला लागला, घाण वास सुटला. मी हातातली पाण्याची बाटली ओतली. नंदी पुढच्या गुडघ्यांवर कलला, आजींना तोही नमस्कारच वाटला.

मालक सुंदरला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. मला वाटलं, संपलं.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, माझी आई फसली म्हणजे पाहुणेही फसतील. सगळं काम माझं.” सुंदरचे डोळे भरले होते. “फक्त नंदी तो खऱ्या दगडाचा आणणार.”

निघताना सुंदरने मला थर्माकोलचाच वीतभर नंदी दिला. आता तो आमच्या देवघरात आहे, आई रोज फूल वाहते. एवढी टिंगल मी केली खरी, पण तिने कापराची डबी उघडली की सगळ्यात आधी मीच धावतो.