सकाळचा उपास

माझं आठ किलो वजन उतरायला नऊ महिने लागले. त्यातले सहा महिने माझ्या सासरची माणसं एक भलतीच गोष्ट खरी धरून चालली होती, आणि तिची सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती. माझ्या मोठ्या लेकीनंही ती खरी धरली. तिच्या मनातून ती पुरती गेली का, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी लिहिते आणि उठून गॅसवर काही ठेवलंय का ते बघून येते. काही नसतं.

मी लातूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माहेर उमरी तालुक्यातलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि परीक्षा देऊन नोकरी मिळवली, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. हे सांगितलं की लोकांना फुशारकी वाटते. वाटू दे.

गेल्या मे महिन्यात रक्त तपासलं, तर साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गोळी सुरू करू का वजन उतरवता?"

"उतरवते," मी म्हणाले, जसं काही ते घरी पिशवीत ठेवलेलंच होतं.

वजन होतं ब्याऐंशी. हा आकडा मी नवऱ्यालाही सांगितला नाही. याआधी दोन वेळा प्रयत्न करून झाले होते. एकदा लिंबू-मधाचं पाणी, एकदा नुसत्या काकड्या. दोन्ही वेळा सगळ्या शाळेला माहीत होतं, आणि दोन्ही वेळा मी हरून पहिला समोसा उचलला तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. या वेळी नवऱ्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, असं ठरवलं. रात्री आठच्या आत जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. बास. विकत काही आणायचं नाही, कोणाला विचारायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. सकाळी दहापर्यंत काही वाटत नाही. दहानंतर हातपाय जागेवर राहत नाहीत. मी वर्गात खुर्चीवर बसणं सोडलं. बाकांच्या रांगांतून फिरत शिकवायची, दाराशी जायची, घड्याळ बघायची, परत यायची. अकरा वाजता पोषण आहाराच्या खिचडीची फोडणी बसायची आणि माझ्या हातातला खडू मोडायचा. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखून वहीत सही करायची असते. ते काम मी मागून घेतलं. बाराच्या ठोक्याला मी स्वयंपाकघरात हजर. आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी एक दिवस म्हणाल्या, "बाई, चव बघायलाव का जेवायलाव?"

शनिवारी शाळा सुटून सामसूम झाली की पोरांच्या तपासणीच्या वजनकाट्यावर उभी राहायची आणि पाठांच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून आकडा लिहायची. कधी पाव किलो खाली, कधी काहीच नाही. सगळा ऑगस्ट काटा तिथल्या तिथं. त्या महिन्यात मी घरात सगळ्यांवर खेकसत होते आणि काटा हलत नाही हे कोणाला सांगता येत नव्हतं.

सप्टेंबरात अर्धापूरला, सासरी, धाकट्या जावेच्या दुसऱ्या मुलाचं जावळ होतं. तिला दोन मुलं, मला दोन मुली. आम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला गेलो. सकाळी आठलाच तिनं माझ्यापुढं सुशील्याची ताटली ठेवली. भिजवलेले मुरमुरे, वरून शेंगदाणे, कढीपत्ता, वास असा की डोळे मिटावेत. माझ्या मांडीवर तिचं ते वर्षाचं बाळ होतं.

"ताई, घ्या की. गार व्हायलंय."

"नको गं."

"नको काय? बघा ओ आत्याबाई, ताई खायनात."

सासूबाई चुलीकडून उठून आल्या. आम्ही दोघी त्यांना आत्याबाईच म्हणतो. "कामून न्हाई खायलीस? बरं वाटंना का?"

घरात पंधरा बायका. डायट म्हणाले असते तर दिवसभर तीच करमणूक झाली असती. 'मास्तरीणबाईचं डायट.' माझ्या तोंडून निघून गेलं, "मला उपास आहे."

"आज कोणता?"

"धरलाय एक. रोजचा. दुपारी बारापर्यंत."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग मांडीवरल्या बाळाकडं पाहिलं. मग पुढं काही न विचारता ताटली उचलली आणि जावेला म्हणाल्या, "तिला आग्रह करू नको."

त्यांनी विचारलं का नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मी सुटले एवढंच वाटलं. आमच्याकडं बाईनं नवस केला की तो बोलून दाखवायचा नसतो आणि दुसऱ्यानं विचारायचा नसतो. बोललं की फळत नाही म्हणतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण आपल्याबाबतीत ते आठवायला पाहिजे ना.

त्या दिवसापासून माझा मान वाढला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. लग्नाला तेरा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मला सासरी कोणी 'बस जरा' म्हणालं नव्हतं. आता आत्याबाई माझ्या हातातली घागर काढून घ्यायच्या. दर पंधरा दिवसांनी लातूरला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती केळी पाठवायच्या. घरच्या बागेतली, फणीच्या फणी. फोन करून सांगायच्या, "उपासाला चालतेत. बारा वाजले की दोन-तीन खात जा. लई वाळायलीस म्हणं तू." मी साखर कमी करायला उपाशी राहायची आणि सासर मला गोड केळी पाठवायचं. मी ती शाळेतल्या पोरांना वाटून टाकायची.

फक्त नवऱ्याला ठाऊक होतं की मी वजनासाठी हे करते. आकडा नाही, पण कारण ठाऊक होतं.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अर्धापूरला गेले, तेव्हा शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई माझी ओटी भरताना म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला मांडीवर किस्ना असू दे, माय. एवढं कडक करून राहिलीस, देव आंधळा न्हाई."

बायकांनी माना डोलावल्या. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मोठी माझ्या शेजारी तिळगुळाचं ताट धरून उभी होती. अकरा वर्षांची, सहावीत. तिनं ताट या हातातून त्या हातात घेतलं, एवढंच.

मला तिथंच सगळं कळलं. आणि मी गप्प बसले. खरी चूक ती, सप्टेंबरातली नव्हे. सप्टेंबरात माझ्या तोंडून निसटलं होतं. जानेवारीत मला समजत होतं. नोकरीला लागताना दोनच मुलं असं प्रतिज्ञापत्र मी लिहून दिलेलं आहे. आणि ते नसतं तरी मला तिसरं नको होतं. हे सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी चार तिळाचे लाडू पदरात बांधून परत आले.

बसमध्ये नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या आईला वाटतंय मी मुलासाठी उपास करते."

"हाव, मला म्हणली होती ती. दिवाळीतच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? वाटू दे की. तिला बरं वाटतंय, तुला कोणी खायचा आग्रह करंना. कोणाचं काय बिघडायलंय?"

नांदेडपासून लातूरपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पण ते जे बोलले तेच मी मनात स्वतःला सांगत आले होते.

काय बिघडत होतं ते फेब्रुवारीत कळलं. मोठीच्या शाळेतून तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. प्रार्थनेला ती चक्कर येऊन खाली बसली होती. "सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणते. बिस्किटं दिली तर बारा वाजता खाईन म्हणते. डबा रोज मैत्रिणीला देते म्हणे. घरी काही आहे का, मॅडम?"

बारा वाजता. मी मुख्याध्यापकांना काय सांगितलं आठवत नाही. स्कूटी काढली आणि निघाले.

ती ऑफिसबाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. मांडीवर न फोडलेला बिस्किटाचा पुडा. सव्वाअकरा झाले होते.

"खा."

"पाऊण तास राहिलाय."

"कशाला पाऊण तास? काय चाललंय हे?"

"सांगायचं नसतं."

"मला सांग."

तिनं पुड्याचा कागद नखानं खरवडला. "दोघींनी धरला तर लवकर होईल ना. भाऊ आला की तुझा उपास सुटतो. मग तू सकाळी आमच्यासोबत जेवायला बसशील."

मी वर्गात चाळीस पोरांना एका वेळी गप्प करते. इथं मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"बाळा, तसं काही नाही. मी जाड झाले होते. वजन कमी करायला सकाळी खात नाही."

"आज्जी म्हणलीच होती."

"काय?"

"आई न्हाईच म्हणणार. जी खरंच करते ती न्हाईच म्हणते."

मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. दर वेळी ती समजूतदारपणानं मान हलवायची, जसं आपण आजारी माणसाच्या बोलण्याला हलवतो. मी जितकं नाही म्हणत होते, तितकी तिची खात्री होत होती. बाराला तिनं पुडा फोडला आणि आधी मला बिस्किट दिलं.

तिला स्कूटीवर मागं बसवून मी थेट माझ्या शाळेत नेलं. शाळा सुटेपर्यंत थांबवलं. मग कपाटातून वजनकाटा काढला, चप्पल काढली, वर उभी राहिले आणि म्हणाले, "वाच."

"साडेपंचाहत्तर."

"आता हे वाच." टाचणवहीचं शेवटचं पान तिच्यापुढं धरलं. जून, ब्याऐंशी. तिथून खाली सगळे शनिवार. जो आकडा मी कोणाला सांगितला नव्हता तो पोरगी मोठ्यानं वाचत होती आणि मावशी भांडी घासता घासता ऐकत होत्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या माझ्या.

तिनं तारखांवरून बोट फिरवलं. परत वर नेलं. "हे जावळाच्या आधीचं आहे."

"हो."

"जावळाच्या वेळी तर धरला होतास ना?"

"धरलाच नव्हता. तेव्हा सुशीला खायचा नव्हता म्हणून खोटं बोलले."

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. "मग आज्जीला सांग."

"सांगते."

"फोनवर नाही. माझ्यापुढं."

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे अर्धापूरला गेलो. निघताना नवरा म्हणाला, "आपण हळूहळू सांगू." मी म्हणाले, "तुम्ही हळूहळूच सांगत होता ना, दिवाळीपासून."

रविवारी सकाळी आत्याबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. जाऊ पोराला भरवत होती. मोठी खांबाला टेकून माझ्याकडं बघत उभी. मी बसलेच नाही. बसले असते तर दुसरंच काही बोलले असते.

"आत्याबाई, मी नवस केलेला नाही. कसलाच नाही. माझं वजन ब्याऐंशी झालं होतं, डॉक्टरांनी कमी करा म्हणून सांगितलं. म्हणून सकाळचं खात नाही."

"ब्याऐंशी?" जावेच्या हातातला घास तसाच राहिला. "अगं माय! दिसत नव्हताव ओ ताई एवढ्या."

आत्याबाई हसल्या नाहीत. "देवाला फसवलंस?"

"देवाशी मी काही बोललेच नाही. तुम्हाला फसवलं. आणि मला तिसरं लेकरू नको. दोघी आहेत."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. दुसरी फोडली. मग मान वर न करता म्हणाल्या, "सहा महिने मी रोज तुझ्यापायी हात जोडायले. न्हाई म्हणायला एवढं शिकल्यालीला सहा महिने लागतेत?"

त्या सूप उचलून आत गेल्या. निघताना पाया पडले तर आशीर्वाद दिला, पण तोंडातल्या तोंडात. केळी दिली नाहीत.

घरी आल्यावर मोठी डबा खाऊ लागली. मी सकाळी त्यांच्यासोबत ताटाशी बसते आता, कोरा चहा घेऊन. अजून चार-पाच किलो उतरवायचेत, तेव्हा उपास चालूच आहे आणि का चालू आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी पोळी मोडताना ती मधेच माझ्याकडं बघते. मी तिच्या बघण्याचा अर्थ लावत बसते आणि चहा गार होतो.

काल आत्याबाईंचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिलाच. माझी खुशाली विचारली नाही. "मोठीला दे," म्हणाल्या. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत किती खेपा केल्या, देव जाणे. आतून फक्त 'हाव' आणि 'न्हाई' ऐकू येत होतं. लातूरच्या शाळेत शिकणारी पोरगी आज्जीशी बोलताना अर्धापूरची होते.

बाहेर आली तशी विचारलं, "काय म्हणाली आज्जी?"

"काही नाही. जेवलीस का म्हणाली."

"एवढा वेळ?"

तिनं फोन टेबलावर ठेवला. "आणि म्हणाली, तुझ्या आईला एकदा नीट विचार, नको म्हणती ते पक्कं का."

"मग? विचार की."

"मी सांगितलं पक्कं आहे म्हणून," ती म्हणाली आणि दप्तर ओढून गृहपाठाला बसली.