सातव्या शब्दापाशी

बाबा गेल्याचं पत्र आखातात, माझ्या गुदैबियाच्या खोलीवर आलं, तोवर त्यांना जाऊन वीस दिवस झाले होते. मी एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. ऐन उन्हाळ्यात लीव्ह मागितली, तर फोरमनने मान वर न करता सांगितलं, मफी. म्हणजे नाही. आईने पत्रात एवढंच मागितलं होतं की बाबांच्या नावाने कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तेवढी म्हण.

आम्ही कोकणातले इस्रायली, म्हणजे यहुदी, गावच्या भाषेत शनवार तेली. गावात रब्बी, म्हणजे शिकलेला धर्मगुरू, कधी नव्हताच. बाबा दुकान सांभाळून हजान झालेले. मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, प्रार्थना चालवायची, लग्नं लावायची, भांडणं मिटवायची, सगळं त्यांच्याच गळ्यात. दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय कद्दीश होत नाही, आणि माणसं एक, दोन अशी मोजायची नाहीत. म्हणून बाबा दारात उभे राहून दहा शब्दांचं एक वचन म्हणायचे, माणसागणिक एक शब्द. घरं एकेक करून इस्रायलला निघाली, तसा शेवटच्या शब्दासाठी त्यांना रस्त्याकडे बघत थांबावं लागायचं. मला हसू यायचं. काय हे खूळ, म्हणायचो. हस मेल्या आता.

मनामाच्या बाजारात एक म्हातारा यहुदी कापडवाला होता, मूळचा बगदादकडचा. भीतभीत त्याला सगळं सांगितलं. त्याने शुक्रवारी दुपारी घरी बोलावलं. त्यांच्यातही रब्बी नव्हता. वयाने मोठा म्हणून याचाच शब्द चालायचा. बरेचसे लोक केव्हाच देश सोडून गेलेले. मला धरून जमलो सात.

माझ्या खोलीतले तिघे रोह्याचे, डोक्याला रुमाल बांधून माझ्याबरोबर आले होते. त्यांचं म्हणणं, आम्ही उभे राहतो की, झाले दहा. खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले, सरबत दिलं आणि बाहेरच्या खोलीत बसवलं. मी चिडलो. म्हटलं, निदान कुणाला विचारा तरी.

"कुणाला विचारू?" तो त्याच्या बाजारी हिंदीत म्हणाला. "रब्बी असता तर त्याने काहीतरी सांगितलं असतं. मी दुकानदार आहे, बेटा."

मग रीत म्हणून त्याने वचन धरलं. तेच, बाबांचं. एकेकाकडे बघत सातव्या शब्दाला माझ्यापाशी आला आणि थांबला. पुढचे तीन मला पाठ होते. तोंड उघडलं नाही. कद्दीश राहिलं ते राहिलंच.

निघताना त्याने विचारलं, "तुझे वडील शेवटी कितव्या शब्दापर्यंत पोचायचे?"

"नवव्या."

"कधीपासून?"

"मी इकडे आलो तेव्हापासून," मी म्हटलं.