हिर्डोशीच्या रायफलीतली पुंगळी

"धोंडिबा, यात स्क्रूड्रायव्हर कुणी घातला?"

"म्या न्हाई चाचा. पुतन्यानं."

"आणि पुतण्याला कुणी सांगितलं?"

"ते म्याच."

भोरमध्ये माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. हिर्डोशीचा धोंडिबा घोंगडीत रायफल गुंडाळून एसटीनं आला होता. निवडणूक लागली की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात. परत मिळाल्यावर त्यानं भातात शिरलेल्या डुकरांना हाकलायला हवेत एक बार काढला. गोळी गेली, पण पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या चेंबरमध्येच रुतून बसली. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढला की एक्स्ट्रॅक्टर नावाची नखी पुंगळीला कडेनं धरून बाहेर काढते. इथं कडच फाटली होती. उरलेली पुतण्यानं कुरतडली होती.

दुपारी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी फौजदारसाहेब बंदूक तपासणार होते. नादुरुस्त निघाली तर लायसन्स अडकणार, आणि भात डुकरांच्या हवाली.

"गपचूप आधी माझ्याकडं यायचं सोडून उद्योग करता! अक्कल गहाण टाकलीय का?" मी ओरडलो. समोरच्या चहावाल्यानंही ऐकलं.

अशा कामात बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. मी नळी भिंतीकडं केली. बाजूला उभं राहून नळीच्या तोंडातून पितळी रॉड हलकेच सारला. तो थेट पुंगळीच्या बुडापर्यंत गेला, त्यावरून ती रिकामी असल्याची खात्री झाली. मग मागून गंज सोडवायचं तेल सोडलं आणि थांबलो. रॉडवर लाकडी हातोडीनं टिचक्या मारल्या. ढिम्म. पुन्हा तेल. पुन्हा टिचक्या.

"जोरात हाना की!"

"तुम्ही जोरात हाणलंत म्हणूनच इथं बसलोय ना आपण?"

अखेर पुंगळी टणकन खाली पडली. तिच्यावर तपकिरी, चिकट थर होता. मी वास घेतला. गोडेतेल. ते वाळून लाखेसारखं झालं होतं आणि पुंगळी त्यात चिकटली होती.

"चेंबरमध्ये फोडणी घातलीत का?"

धोंडिबा हळूच म्हणाला, "जमा करताना ठाण्याच्या दारात तुमीच सांगितलं न्हवं, तेल भरपूर लावा? घरात हुतं ते लावलं."

सांगितलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाला. कुठलं तेल, ते सांगितलं नव्हतं. परत आणल्यावर चेंबर कोरडं पुसा, हेही नाही.

मी चेंबर घासून साफ केलं, स्क्रूड्रायव्हरनं वाकलेली नखी बदलली. दुपारी ठाण्यात फौजदारांनी बोल्ट मागेपुढे करून पाहिला. "बंदूक ठीक आहे. पण नखी नवी दिसतेय. काय झालं होतं?"

"चुकीच्या तेलानं पुंगळी अडकली होती, साहेब."

"कुणी लावलं?"

धोंडिबानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "यांनीच."

साहेबांनी शेरा मारला: शस्त्र हाताळण्यात निष्काळजी. लायसन्सचं नूतनीकरण अडलं, रायफल ठाण्यातच राहिली. त्या साली धोंडिबाचं अर्धं भात डुकरांनी तुडवलं. मी मात्र गोडेतेलाचा किस्सा चहाच्या टपरीवर रंगवून सांगत राहिलो. लोक अजून त्याला 'फोडणीवाला' म्हणतात. तेल लावायला मीच सांगितलं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्या शेऱ्यातला निष्काळजी माणूस धोंडिबा नव्हता, मी होतो. बंदुकीला बंदुकीचंच तेल लावा, थोडंच, आणि बार काढण्याआधी चेंबर कोरडं पुसा. एवढं मी रांगेतच सांगायला हवं होतं.