चंद्राला मूठ नसते

कातड्यावर लिहिलेली कुठलीही जुनी पोथी समोर आली की कांबळे आधी तिचा वास घ्यायचे. आंबा पिकलाय का बघावं तसं नाक पानाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे, मग करंगळी अलगद फिरवून निकाल द्यायचे, “ही केसांची बाजू. वासरू तांबडं होतं.” केसांची बाजू ते दर वेळी बरोबर सांगत. वासराचा रंग कसा कळला, असं विचारलं की म्हणत, “आता तपासायला कोण जातंय?”

साउथहॅम्प्टनच्या थोडं वर, एका जुन्या, अवाढव्य चर्चला लागून असलेल्या ग्रंथालयात आम्ही दोघं नोकरीला होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी मेडनहेडहून रेडिंगला गाडी बदलून आठवड्यातले तीन दिवस जायची. माझ्याकडे कॅटलॉगचं काम. कांबळे बाइंडर. त्यांच्या बायकोला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तिच्या मागोमाग ते आले. कोल्हापुरात शाळांचे दाखले आणि सोसायट्यांची रजिस्टरं बांधणारा हा माणूस इथे सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या बायबलांची शिवण उसवून पुन्हा घालत होता, आणि दोन्ही कामांत त्यांना फारसा फरक वाटत नव्हता.

आमची ओळख झाली ती स्टाफरूममधल्या किटलीपाशी. “आयला, परत बंद पडली व्हय!” असं कुणीतरी किटलीला म्हणालं आणि मी जवळजवळ किंचाळले, “अय्या! तुम्ही मराठी?” त्यांनी नाव सांगितलं, अशोक. मी लगेच विचारलं, “पूर्ण नाव?”

त्यांनी हातातला मग खाली ठेवला. “पूर्ण म्हंजे आडनाव न्हवं? कांबळे. घ्या. आता गाव विचारा.”

“नाही हो, मी आपलं सहज…”

“सहजच विचारत्यात सगळी. सात समुद्र ओलांडून आलो, पण चहाच्या आधीचा हा प्रश्न काय बोटीतनं खाली पडंना बगा. तुमचं नका सांगू. ‘अय्या’वरनंच कळलं.”

आणि त्यांनी मला चहा करून दिला. माझे कान तापले होते. मी मनात स्वतःची बाजू मांडत होते, की परदेशात मराठी माणूस भेटल्यावर आनंदाने विचारलं, त्यात काय बिघडलं? पण मला जे हवं होतं ते नाव नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्या दिवसापासून त्यांनी मला शेवटपर्यंत ‘पुणेकर’ म्हटलं. माझं आडनाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही.

काम करताना त्यांच्या जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं, शाळेतल्या मुलासारखं. हातमोजे ते कधीच घालत नसत. पाहुणे आले की हटकून विचारत, एवढी मौल्यवान पोथी आणि उघडे हात? कांबळे स्वच्छ धुतलेली, कोरडी बोटं दाखवून म्हणत, “ग्लव्हजमध्ये फिंगर्स ब्लाइंड होतात, सर.” पाहुणे गेल्यावर मला म्हणत, “माझ्या आज्ज्याला देवळात पोथी ऐकायला लांब, चपलांपाशी बसवायचे. का, तर मेलेली गुरं ओढायचा, कातडी काढायचा. आणि हितं बगा, पोथीच कातड्याची. सांगा आता, कोण कुणाला शिवला?”

मी माझ्या आजोळच्या पोथ्यांबद्दल, सोवळ्यातल्या, रेशमी रुमालात गुंडाळलेल्या, त्यांच्यासमोर कधी बोलले नाही.

त्या आज्ज्याने दीक्षा घेतली तेव्हा गुरं ओढायचं काम सोडलं ते कायमचं. गावाने तीन महिने पाणी तोडलं तरी मागे हटला नाही. ही गोष्ट कांबळे दुःखाने नव्हे, आमच्या घरात एक पैलवान होऊन गेला अशा थाटात सांगत. सकाळी फोन उचलताना चर्चच्या त्या इमारतीत खणखणीत ‘जय भीम’ म्हणत. रिसेप्शनवरच्या मुलीला तो मराठीतला ‘गुड मॉर्निंग’ वाटायचा आणि तीही त्यांना तसंच म्हणायची.

जुन्या पोथ्यांतल्या चित्रांचे अर्थ मला कॅटलॉगसाठी शिकावे लागले. त्या चित्रांत काहीच नुसतं नसतं. कोकरू म्हणजे येशू. चोचीने स्वतःची छाती फाडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन पक्षी, तोही येशूच. लूकच्या शुभवर्तमानाची खूण पंख असलेला बैल. मी वाचलेलं उत्साहाने सांगायची आणि कांबळे ऐकून घेऊन आपली पुरवणी जोडायचे. पेलिकनबद्दल म्हणाले, “ही तर कुठल्याबी आईची गोष्ट.” बैलाकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. “आमच्याकडं बैलाला वर्षातनं एक दिवस पुरणपोळी. ह्यांनी पंख लावले. पर कातडं काढायचं ते दोघांनीबी काढलंच की.”

नवं पान उघडलं की आम्ही सगळे मधल्या सोनेरी चित्राकडे बघत असू. कांबळे कडेला बघत. त्या पोथ्यांच्या समासांत चित्रकारांनी माकडं, गोगलगायी, नांगरणारे, ढोल वाजवणारे असं काय काय काढून ठेवलेलं असतं. “मधी देव, कडंला आम्ही,” कांबळे म्हणत. “आदी कड बगायची, पुणेकर. राबणारा तिथं घावतो.”

आणि तिथेच त्यांना तो माणूस घावला.

आमच्याकडची सर्वांत देखणी वस्तू म्हणजे एक स्तोत्रांची पोथी. तिचं एक प्रदर्शन भरवायचं ठरलं. पोथी ज्या पानावर उघडी ठेवायची होती, त्याच्या डाव्या समासात अंगठ्याएवढा एक माणूस होता. आखूड कपडे, एक पाय पुढे, दोन्ही हातांत एक चंद्रकोर, आणि जीभ बाहेर. शंभर वर्षांपूर्वीच्या आमच्या कॅटलॉगमध्ये त्याचा अर्थ दिलेला होता आणि प्रदर्शनासाठी बाहेरून नेमलेल्या प्रोफेसरांनी तोच लेबलवर घेतला: ‘चंद्रकोर हाती धरून देवाला जीभ दाखवणारा विधर्मी, अंधाराचे व अज्ञानाचे प्रतीक.’

मी ते लेबल टाइप करत होते. कांबळे मागे येऊन उभे राहिले. वाचलं. मग भिंग घेऊन पोथीपाशी गेले आणि परत आले.

“पुणेकर, हा चंद्र न्हाई. ही रापी हाय.”

रापी म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्यांचं अर्धचंद्रासारखं पातं. त्यांच्या गावी शेजारी चपला शिवणारे एक मामा होते, त्यांच्यापुढ्यात बसून कांबळे ती धरायला शिकले होते. पुस्तकाच्या पाठीचं चामडं ते इथेही त्याच रापीने तासत. “हे बगा, मधी मूठ हाय. टोकं वर उचलल्याली, न्हाईतर ताणलेलं कातडं फाटतंय. हा माणूस कातडं तासतोय. ज्या पानावर बसलाय तेच पान करतोय. चंद्राला कुणी मूठ बसवतं का?”

मी पाहिलं. मूठ होती. शंभर वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

कांबळ्यांनी मीटिंगमध्ये हे सांगितलं. “मून हॅज नो हँडल, सर.” प्रोफेसर विद्वान आणि बोलायला लोण्यासारखे. ते हसून म्हणाले, की मिस्टर कांबळे यांचं बाइंडिंग अप्रतिम आहे, पण प्रतीकांचा अभ्यास हा वेगळा विषय आहे. डायरेक्टरबाईंनी पुढचा मुद्दा घेतला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. कांबळ्यांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर होती आणि प्रदर्शनानंतर त्यांना कायम करायचं जवळजवळ ठरलं होतं. कागद डायरेक्टरबाईंच्या टेबलावर होते. म्हणून मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठून म्हटलं, “कांबळे, जाऊ द्या ना. एका ओळीचा तर प्रश्न आहे.”

त्यांनी डबा बंद केला. “एकच ओळ, व्हय? आमच्याबद्दल सगळ्यांनी एकेकच ओळ लिवली, पुणेकर. आणि तीबी चुकीची.”

मला लाज वाटली. किटलीपाशी वाटली होती त्याहून जास्त.

ती पोथी काचेच्या पेटीत ठेवायची म्हणजे तिची म्हातारी पाठ न मोडता तिला योग्य कोनात उघडून पट्ट्यांनी बांधायचं. ते फक्त कांबळ्यांना येत होतं. उद्घाटनाला तीन दिवस उरले तरी पेटी रिकामी. डायरेक्टरबाई स्वतः खाली वर्कशॉपमध्ये आल्या.

“बुक इज रेडी, मॅडम,” कांबळे म्हणाले. “लेबल इज नॉट रेडी.”

“तुम्ही नकार देताय का, मिस्टर कांबळे?”

“येस, मॅडम.”

इतकं सरळ ‘येस’ मी त्या इमारतीत कधी ऐकलं नव्हतं. तिथे लोक नाही म्हणायलासुद्धा पाच वाक्यं घेत. डायरेक्टरबाई लाल झाल्या, पण गेल्या नाहीत. कांबळे म्हणाले, उद्या सकाळी सरांना घेऊन दहा मिनिटं या, मग काय ते ठरवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्यातून काढलेलं वासराचं कातडं लाकडी चौकटीवर ताणून ठेवलं होतं. डायरेक्टरबाई, प्रोफेसर आणि मी भिंतीला टेकून उभे. कांबळ्यांनी जुन्या पंच्यात गुंडाळलेली रापी काढली, बाह्या वर केल्या, एक पाय पुढे टाकला आणि वरून खाली एक लांब ओढ घेतली. कातड्यावरून ओला साय-साय आवाज आला. दुसरी ओढ, तिसरी. आम्हाला ते विसरले होते. आणि नेहमीप्रमाणे ओठाच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं.

डायरेक्टरबाईंनी टेबलावरचा पोथीचा फोटो उचलला. त्यातल्या माणसाकडे पाहिलं, कांबळ्यांकडे पाहिलं, आणि फस्सकन हसल्या. “ओ माय गॉड,” त्या म्हणाल्या, “द टंग!”

प्रोफेसरांनी तो फोटो त्यांच्या हातातून घेऊन पाहिला. मग म्हणाले की हा एक शक्य अर्थ आहे.

नवं लेबल आलं. जाड पांढऱ्या कार्डावर छापलेलं, ‘परहॅप्स अ पार्चमेंट-मेकर.’ कदाचित कातडं तासणारा कारागीर. मला तो विजय वाटला. कांबळ्यांनी पोथी पेटीत ठेवली, पट्ट्या बांधल्या, लेबलाकडे बघितलं आणि हत्यारं आवरायला लागले. मी निश्चिंत झाले, कारण मी त्यांना अजून ओळखलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे जमले, हातात ग्लास, गळ्यात टाय. कांबळे निळा सूट घालून आले. पेटीपाशी गेले, बाहेरच्या पट्टीतलं लेबल काढलं, खिशातून रापी काढली आणि सगळ्यांच्या देखत ते कार्ड तळहातावर धरून पहिला शब्द तासायला लागले. गप्पा थांबल्या.

“मिस्टर कांबळे, काय करताय हे?” डायरेक्टरबाई पुढे आल्या.

“करेक्शन, मॅडम.”

शाई धुरळ्यासारखी उडाली. कार्डाला भोक नाही, चरा नाही. जुने लेखनिक कातड्यावरची चूक याच रीतीने काढत, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. “चूक खोडायची नसती, पुणेकर. खोडली की दोन चुका दिसत्यात. खरवडायची.” फुंकर मारून त्यांनी लेबल पट्टीत परत सरकवलं. ‘अ पार्चमेंट-मेकर.’ मग त्यांनी ट्रेमधून एक संत्र्याचा रस उचलला आणि शांतपणे प्यायला लागले.

कायम करण्याचे कागद त्या टेबलावरून कधी हलले नाहीत. ‘रिस्ट्रक्चरिंग’ असं कारण मिळालं. निरोप समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला ‘जय भीम’ म्हटलं, तिने उलट म्हटलं, आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले. मी मागे धावले. म्हटलं, “एका शब्दासाठी, कांबळे?”

“व्हय,” ते म्हणाले. “माझा आज्जा तर गुरं ओढायचा एक हेलपाटा नको म्हणून भांडला. मला तर अख्खा शब्द मिळाला.”

पुढे ते हॅरोला मुलीकडे राहायला गेले. तिथल्या मुलांना दर रविवारी बाइंडिंग शिकवत. फोनवर सांगत, “हितं जन्मलेली पोरं, ‘माझा पुस्तक फाटली’ म्हणत्यात. म्हटलं, व्याकरण राहू दे, आदी शिवा.” दोन वर्षांनी हृदयविकाराने गेले. वहिनींनी मला बोलावून पंच्यातली रापी हातात ठेवली. “पुणेकरला द्या म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. मी तिथे, परक्या घरात, ओक्साबोक्शी रडले.

त्याच वर्षी त्या पोथीचा मोठा छापील ग्रंथ निघाला. प्रोफेसरांनी समासातल्या कारागिरावर दहा पानं लिहिली होती, उत्तम लिहिली होती. कुठेही ‘परहॅप्स’ नव्हतं. शेवटी बारीक अक्षरांत तळटीप होती, की हा अर्थ सुचवण्यात ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’ यांचं साहाय्य झालं.

पुस्तकात लिहू नये, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. शेल्फवर ठेवायची ग्रंथालयाची प्रत मी टेबलावर घेतली. दार उघडंच होतं, समोर दोन वाचक बसले होते. रापीच्या टोकाने ते चार शब्द खरवडले. कागद कातड्यासारखा सोसत नाही, आणि माझा हात त्यांचा नव्हता, त्यामुळे पान जरासं फाटलं. तिथे काळ्या शाईने लिहिलं, आणि बाजूला माझी सही केली, म्हणजे कोणी केलं हे शोधायला नको.

आधी पूर्ण नाव लिहिणार होते. मग म्हटलं, नको. आडनावच. मीच तर विचारलं होतं.

कांबळे.